टेकडीवरचे घर आणि पायथ्याचे पाणी

भोपाळ हे सपाट शहर नव्हे, ही गोष्ट ज्याने येथे कधी काळी सायकल चालविली आहे त्याला निराळी सांगावयास नको. श्यामला टेकडी, ईदगाह टेकडी, अरेरा टेकडी, लालघाटीकडची मनुआभानची टेकडी अशा टेकड्यांच्या अंगाखांद्यावर हे शहर पसरले आहे आणि त्यांच्या मधल्या खोलगटीत तलाव साठले आहेत. मोठ्या तलावाचे श्रेय अकराव्या शतकातील परमार राजा भोजाकडे जाते. छोटा तलाव १७९४ साली छोटे खान या दिवाणाने बांधविला. पुढे शाहजहान बेगमेने, म्हणजे १८६८ ते १९०१ या काळात, शाहजहानाबादेत वस्ती उठविली, तेव्हा तेथे एकाखाली एक असे तीन तलाव राखले गेले. वरचा भरला की त्याचे पाणी मधल्यात, मधला भरला की खालच्यात. ज्या राज्यकर्त्यांनी हे केले त्यांना अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पण पाणी खाली जाते आणि ते जाऊ द्यावयाचे असते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. हल्ली टेकडीवर प्लॉट घेणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींना ते ठाऊक आहे असे त्यांच्या घरांवरून तरी दिसत नाही, आणि म्हणून हा लेख.

आपली मराठी कुटुंबे येथे आली ती बहुतेक १९५६ च्या १ नोव्हेंबरनंतर. नवे राज्य झाले, राजधानी भोपाळ ठरली, आणि नागपूरच्या सचिवालयातून, ग्वाल्हेरच्या आणि इंदूरच्या दफ्तरांतून कारकून, अधिकारी, शिक्षक असे सामानसुमान घेऊन येथे उतरले. कोणाला तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर मिळाले, कोणाचे चिरंजीव हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले आणि पिपलानी-बरखेड्याला राहावयास गेले. निवृत्तीच्या सुमारास या मंडळींनी फंडाच्या पैशांतून जी घरे बांधली ती सपाट जागेवर, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे तुळस आणि पेरूचे झाड अशी. त्या घरांत स्थापत्याचा चमत्कार काही नव्हता, पण भिंतींना तडाही नव्हता. आता तिसरी पिढी कर्ती झाली. तिला ओट्यावरून शेजारचा ओटा दिसण्याचे समाधान पुरत नाही. तिला तलाव दिसावयास हवा, टेकडी दिसावयास हवी, सकाळचा चहा घेताना खाली शहर पसरलेले दिसावयास हवे. त्यात वावगे काही नाही. उंचावर घर असावे ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. पण कोलार, केरवा, नीलबड, रातीबड या बाजूंना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या तऱ्हेने उतार कापून प्लॉट पाडले जात आहेत, ती तऱ्हा पाहिली म्हणजे स्थापत्यात उभे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो.

उतारावर बांधूच नये, असे मी म्हणत नाही. आपल्यातल्या पुष्कळांचे मूळ घर कोकणात आहे, आणि कोकणात सपाट जागा मिळते ती भाताला. माणसाने डोंगराच्या कडेलाच राहावयाचे. त्या घरांची रचना आठवून पाहा. दरड थोडीशी कापलेली, तिच्यापासून घर चार हात पुढे सरकवलेले, दरडीच्या पायाशी चर, आगोटीला तो चर उपसून साफ करण्याचा रिवाज, आणि चराचे पाणी घराला वळसा घालून पऱ्ह्याला नेऊन सोडलेले. जोते उंच. आवाराला गडगा. गडगा म्हणजे नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेली भिंत, चुना नाही, सिमेंट नाही. शहरात वाढलेल्या नातवाला वाटते की गरिबीमुळे चुना घातला नसेल. वस्तुतः त्या भिंतीची सारी अक्कल त्या न घातलेल्या चुन्यात आहे. पाऊस धो धो कोसळला तरी मागचे पाणी दगडांच्या फटींतून झरझर निघून जाते आणि भिंतीवर मातीखेरीज दुसरा भार येत नाही. देशावरच्या शेतकऱ्याची ताल तीच. कोठे दगड ढळला तर पावसाळ्यानंतर तो परत बसवावयाचा, की झाले.

गडकिल्ल्यांचे तर विचारावयासच नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे सांगितले आहे त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे हा आग्रह आहे; नसेल तर खडक फोडून टाकी करावीत असे आहे. खडक फोडला की पाण्याला टाके मिळते आणि बांधकामाला दगड, एका कामात दोन कामे. आपल्या आजच्या प्लॉटवर खडक फोडतात, तो ट्रकने बाहेर विकतात, आणि मग भरावासाठी दुसरीकडून माती विकत आणतात! हा हिशेब मला आजवर समजलेला नाही.

भोपाळातच राहून उतारावर कसे बांधावे ते पाहावयाचे असेल तर तिकीट काढून फार दूर जावे लागत नाही. श्यामला टेकडीवर तलावाकाठी भारत भवन आहे. चार्ल्स कोरियांनी रेखाटलेली ही वास्तू १३ फेब्रुवारी १९८२ रोजी खुली झाली. आपण सारे तेथे नाटकांना, चित्रप्रदर्शनांना गेलो आहोत; पण पुष्कळांच्या लक्षात येत नाही की रस्त्यावरून पाहिले तर तेथे इमारत अशी दिसतच नाही. टेकडीवर काही उभे करण्याऐवजी कोरियांनी टेकडीतच उतरत गेलेली चौकांची मालिका केली. आपण वरून आत शिरतो, पायऱ्या उतरतो, एका चौकात येतो, त्याच्या भोवती दालने. आणखी उतरतो, दुसरा चौक. एका पातळीवरच्या दालनाचे छत म्हणजे वरच्या पातळीवरची गच्चीबाग. असे उतरता उतरता समोर तलाव येतो. टेकडीचा मूळचा उतार तेथे अजून ओळखू येतो. याच गृहस्थांनी पुढे अरेरा टेकडीच्या माथ्यावर विधानभवन बांधले आणि त्याला १९९८ साली आगा खान पुरस्कार मिळाला. पण माझे मत विचाराल तर भारत भवन त्याहून सरस आहे, कारण ते जागेपुढे नमते.

श्यामला टेकडीवरच इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. दोनशे एकरांच्या त्या आवारात देशभरच्या जमातींची घरे त्या त्या लोकांच्या पद्धतीने उभी केली आहेत. मुलांना घेऊन आपण तेथे सहलीला जातो, डबे खातो आणि परत येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा डोंगराळ प्रदेशातल्या घरांची जोती आणि खांब पाहून या. जमीन सपाट करण्यापेक्षा घराचे पाय लहानमोठे करणे स्वस्त पडते, ही गोष्ट ज्या लोकांना आपण अडाणी म्हणत आलो त्यांनी कधीच हेरली होती.

आता आपल्या कॉलन्यांत काय होते ते पाहू. जेसीबी येतो. टेकडीचा वरचा भाग कापतो आणि निघालेला मुरूम, माती, दगड सारे खालच्या बाजूला लोटतो. दोन-चार दिवसांत उताराची पायरी होते आणि कागदावर चाळीस बाय साठचा सपाट प्लॉट तयार होतो. दिसावयास तो एकसंध. प्रत्यक्षात त्याची मागची अर्धी बाजू हजारो वर्षे मुरलेली जमीन असते आणि पुढची अर्धी गेल्या आठवड्यात ओतलेला भराव. भराव करण्याला माझी ना नाही, पण त्याची रीत आहे. आठ-नऊ इंचांचा थर पसरावा, बेताचे पाणी मारावे, रूळ फिरवावा किंवा धुम्मस करावा, मग दुसरा थर. ही रीत कोणी पाळताना मला क्वचितच आढळले आहे. नुसता ओतलेला भराव पुढे कित्येक वर्षे बसत राहतो. त्यावर घर बांधले की घराचा मागचा भाग जागच्या जागी राहतो आणि पुढचा खाली जातो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. घरमालक रंगाऱ्याला बोलावतो, रंगारी पुट्टी भरतो, पुढच्या पावसाळ्यात चीर पुन्हा हजर. वास्तविक उपाय सोपा आणि जुना आहे: पाया पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवत न्यावा आणि प्रत्येक ठिकाणी तो भराव ओलांडून मूळ जमिनीत टेकवावा. पुढचे खांब मागच्यापेक्षा आठ फूट लांब झाले तर होऊ द्यावे; त्या खांबांमध्ये गाडी ठेवावयास जागा मिळते.

त्यातही भोपाळची जमीन एकजात नाही. टेकड्या विंध्य पर्वताच्या वालुकाश्माच्या. त्यांचा दगड सहसा भक्कम. पण पायथ्याला आणि सखल भागांत काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तिच्यावर ठेवलेला उथळ पाया दर वर्षी एकदा वर उचलला जातो आणि एकदा खाली बसतो. या मातीसाठीच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात एक उत्तम युक्ती काढली. जमिनीत साडेतीन मीटर वा अधिक खोल गोल भोक पाडावयाचे, तळाशी ते घंटेसारखे रुंद करावयाचे आणि त्यात लोखंड घालून काँक्रीट भरावयाचे. माती वरच्या थरात कितीही फुगो-आकसो, घंटा खाली घट्ट बसून राहते. एखाद्या प्लॉटचा वरचा अर्धा वालुकाश्मावर आणि खालचा अर्धा काळ्या मातीवर असला, आणि असे प्लॉट येथे पुष्कळ आहेत, तर एकाच घराला दोन प्रकारचे पाये लागतात. हे कळण्यासाठी माती तपासून घ्यावी लागते. त्याचा खर्च ऐकून लोक दचकतात. तेच लोक स्वयंपाकघराच्या ओट्याला इटलीचा दगड घेताना दचकत नाहीत.

आणि आता रिटेनिंग वॉल, म्हणजे मातीला टेकू देणारी भिंत. या भिंतीविषयी लोकांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसला आहे, की ती जितकी जाड तितकी बरी. जाडी हवीच, पण तिचा खरा शत्रू तिच्यामागची माती नसून पाणी आहे. थोडा हिशेब करतो; वाचकांनी कंटाळू नये. तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट उंचीच्या भिंतीमागे साधी मुरमाची कोरडी माती असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अदमासे पावणेतीन टन रेटा येतो. तीच माती पाण्याने काठोकाठ भरली की रेटा सहा टनांपर्यंत जातो. दुपटीहून अधिक, आणि तोही एका रात्रीच्या पावसात. शिवाय उंची वाढते तसा रेटा तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा फुटांऐवजी भिंत वीस फूट केली तर रेटा चौपट आणि भिंतीला उलथून पाडणारा जोर आठपट. म्हणून शहाण्याने एक वीस फुटी भिंत बांधण्यापेक्षा मध्ये ऐसपैस जागा सोडून पाच-पाच फुटांच्या बांधांनी उतार उतरवावा. आणि भिंत कशीही असो, तिच्यामागे गोट्यांचा आणि खडीचा थर भरावा, तळाशी पाणी वाहून नेणारा पाइप ठेवावा, आणि अंगात चार-पाच फुटांवर एक अशी भोके ठेवावीत. ही भोके म्हणजे गडग्याच्या फटी; तेवढेच.

या भोकांची एक कथा सांगतो. माझ्या नात्यातील एका कुटुंबाने शहराबाहेर उतारावरच्या एका कॉलनीत घर घेतले. कॉलनीचे आणि बांधणाऱ्याचे नाव येथे नको. घरामागे चौदा फुटांची भिंत, तिच्यावर दुसऱ्याचा बंगला. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला मध्यावर पोट आले आणि मला पाहावयास बोलावले. मी गेलो, भिंत निरखली, आणि जावयांना विचारले, "भोके कोठे आहेत?"

"होती ना, काका," ते म्हणाले. "पण त्यांतून लाल पाणी गळायचं, रंगावर ओघळ उठायचे. सोसायटीतल्या सगळ्यांचीच तक्रार होती. बिल्डरच्या माणसाने सगळी भोकं सिमेंटने बुजवून वर प्लॅस्टर करून दिलं."

"फुकट?"

"हो, फुकटच की."

जी भिंत पाणी सोडण्यासाठी भोके ठेवून बांधली होती तिला धरण करून टाकले होते, आणि तेही फुकट म्हणून आनंदाने. वर चढून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसली. वरच्या बंगल्याने नियमाप्रमाणे पावसाचे पाणी जिरविण्याचा खड्डा केला होता, तो बरोबर भिंतीच्या माथ्यापासून सहा फुटांवर. त्याच्या शेजारी सेप्टिक टँकचा शोषखड्डा. म्हणजे पावसाळ्यात छपराचे पाणी आणि बारा महिने संडासाचे पाणी भिंतीच्या पाठीत सोडलेले. पाणी जिरवा हे धोरण उत्तम आहे, पण ते कोठे जिरवावयाचे हे जागा पाहून ठरवावे लागते. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३५० लिटर पाणी जमते. एखाद्या दिवशी येथे चार-पाच इंच पडतो. एवढे पाणी भरावाच्या काठावर जिरविणे म्हणजे भिंतीला ढकलण्यासाठी मजूर लावण्यासारखे आहे. भिंतीला पुन्हा भोके पाडून घेतली, खड्डा हलवून घेतला. खड्डा हलविण्यासाठी वरच्या बंगल्याच्या मालकांशी दोन महिने बोलाचाली करावी लागली. त्यांचे म्हणणे एकच, की खड्डा माझ्या हद्दीत आहे.

हद्दीचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सपाट जमिनीवर माझी हद्द म्हणजे माझी हद्द, हे बऱ्याच अंशी खरे असते. उतारावर ते खरे नसते. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा, जो इंग्रजांनी केला आणि अजून चालू आहे, तो या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. त्यात जमिनीच्या मालकाचे नैसर्गिक हक्क सांगितले आहेत. एक असा, की माझ्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार आहे तो मला मिळत राहावा. म्हणजे खालच्याने आपली हद्द खणता खणता वरच्याचा टेकू काढून घेऊ नये. दुसरा असा, की वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे वाहत खाली आले तर खालच्याने ते येऊ द्यावे. नैसर्गिकपणे, हा शब्द लक्षात ठेवावा. चार इंची पाइपाने सारी गच्ची शेजाऱ्याच्या डोक्यावर ओतणे यात बसत नाही. उतारावर घर घेणारा माणूस नुसता प्लॉट घेत नाही. वरच्या आणि खालच्या अशा दोन शेजाऱ्यांशी त्याची गाठ पडते. सोसायटीच्या सभेत गणपतीच्या वर्गणीवर दोन तास चर्चा होते, त्यातली दहा मिनिटे या गाठीला मिळाली तरी पुष्कळ झाले.

यात सर्वांत खालचा शेजारी कोण असतो? पुष्कळदा तो झोपडीत राहतो. अरेरा टेकडीवर माथ्याला वल्लभ भवन, विधानभवन, आणि उताराला भीमनगर, वल्लभनगर. माथ्यावरच्या प्रत्येक नव्या फरशीने, डांबरी वाहनतळाने जे पाणी मुरावयाचे थांबते, ते उताराच्या वस्तीतून वाट काढते. ऑगस्ट २००६ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१६ मध्ये भोपाळात अतिवृष्टी झाली, तेव्हा कोणाच्या घरात पाणी शिरले हे ज्यांनी पाहिले त्यांना पावसाचा रस्ता ठाऊक आहे. वरच्याने आपल्या आवारात फरशी कमी घातली, गवत राखले, उताराच्या कडेने वाळा लावला, तरी खालच्या घराला फरक पडतो. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि मातीला धरून ठेवतात. कूलरच्या टट्ट्यांपलीकडे आपण त्या गवताला ओळख दाखविलेली नाही.

आणि सर्वांच्या खाली तलाव. उतार कापताना सुटलेली माती पहिल्या पावसात नाल्यात आणि नाल्यातून तलावात जाते. मोठ्या तलावाचे पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर आहे. आपण त्याचे पाणी पितो. ऑगस्ट २००२ मध्ये हे दोन्ही तलाव भोज पाणथळ म्हणून रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले, त्याचे आपल्याला कोण कौतुक! १९९५ पासून २००४ पर्यंत जपानकडून कर्ज घेऊन तलाव सुधारण्याची मोठी योजना राबविली गेली, तिच्यात गाळ काढणे हेही काम होते. कर्ज काढून गाळ बाहेर काढावयाचा आणि कर्ज काढूनच टेकडीवर घर बांधून तो परत आत ढकलावयाचा, असा हा व्यवहार आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उतारावर माती खणण्यास सक्त मनाई असावी, आणि खणलेल्या मातीभोवती बांध घातल्याखेरीज काम सुरूच होऊ नये, असे मला वाटते. यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. वॉर्डाच्या अभियंत्याने गाडीतून उतरावे लागेल, इतकेच.

कोणी म्हणेल की भोपाळच्या टेकड्या काही हिमालय नव्हेत, येथे डोंगर कोसळत नाही, मग एवढा बाऊ कशाला? ते खरे आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. तसे येथे होईल असे मी म्हणणार नाही. आपली टेकडी ठेंगणी आहे आणि तिचा दगड बहुधा आडव्या थरांचा आहे. पण माळीणनंतर कारणांची जी चर्चा झाली तिच्यात उतारावर यंत्राने पाडलेल्या सपाट पट्ट्यांचाही उल्लेख होता, हे विसरून चालणार नाही. येथे धोका आहे तो आपणच ओतलेल्या भरावाचा आणि आपणच बांधलेल्या भिंतीचा. भिंत कोसळून त्याखाली चार मजूर सापडले तर ती बातमी आतल्या पानावर येते, एवढाच काय तो फरक.

जोशीमठाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथली जमीन जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर आहे, उतारावरचे दगड काढू नका, मोठी बांधकामे आवरा, असे १९७६ सालीच सरकारी समितीने लिहून दिले होती. जानेवारी २०२३ मध्ये घरे फाटू लागली, तेव्हा तो अहवाल शोधून पुन्हा वाचण्यात आला. उलट हाँगकाँगचे पाहा. जून १९७२ च्या एका दिवशी तेथे दोन ठिकाणी भराव व उतार कोसळून १३८ माणसे मेली. त्यांत एक वस्ती गरिबांची होती आणि दुसरी चांगल्या श्रीमंत भागातली. १९७६ मध्ये आणखी एक भराव घसरला, आणि पुढच्या वर्षी तेथे उतारांसाठी स्वतंत्र कार्यालय निघाले. आज तेथल्या सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांना आणि भिंतींना क्रमांक आहेत आणि प्रत्येकाची देखभाल कोणी करावयाची हे नोंदलेले आहे. क्रमांकाची पाटी उतारावरच लावलेली असते. आपल्याकडे विजेच्या खांबाला क्रमांक असतो. वीस फुटी भिंतीला नसतो. पाच फुटांहून उंच प्रत्येक भिंतीवर बांधल्याचे वर्ष आणि जबाबदार माणसाचे नाव कोरले गेले, तर पुढच्या भिंती आपोआप बऱ्या बांधल्या जातील, अशी माझी खात्री आहे.

नियमांविषयी बोलावयाचे तर भोपाळचा विकास आराखडा १९९५ साली लागू झाला तो २००५ सालापर्यंतचा होता. २०३१ साठीचा मसुदा २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, पुन्हा मसुदे झाले. शहर मात्र मसुद्यासाठी थांबले नाही. पुण्याने पाचास एक, म्हणजे पाच फुटांत एक फूट चढ, याहून तीव्र उतार बांधकामासाठी बंद ठेवण्याचे तत्त्व नियमांत आणले. ते तेथे काटेकोर पाळले गेले असे कोणी पुणेकरही म्हणणार नाही. पण निदान मोजावयास एक आकडा आहे, आणि आकडा असला की न्यायालयात बोट ठेवता येते. भोपाळलाही असा आकडा हवा, आणि तो लागू करण्यासाठी बांधकामाच्या प्रत्येक अर्जासोबत जागेचा समोच्च रेषांचा नकाशा हवा, ज्यात एकेक फुटाचा चढ दिसेल आणि आवारातले पाणी कोणत्या नाल्याला जाऊन मिळणार ते रेघ ओढून दाखविलेले असेल. हल्ली ड्रोनने असा नकाशा थोडक्या वेळात होतो. अर्जाला जोडण्याची सक्ती नसली तरी घर घेणाऱ्याने तो बिल्डरकडे मागावा. जागा कापण्यापूर्वीचा मागावा. नंतरचा नकाशा सगळ्यांचाच सुंदर असतो. मूळ उताराची रेघ आणि आजची रेघ एकावर एक ठेवली की आपल्या दिवाणखान्याखाली किती फूट भराव आहे ते दिसते. बिल्डर नकाशा देत नसेल तर त्याच जागेची जुनी उपग्रहचित्रे संगणकावर फुकट पाहावयास मिळतात. त्यांवर चढ मोजता येत नाही, पण टेकडी कोणत्या साली आणि कोठवर कापली ते वर्षावर्षाने दिसते. आपल्या घरातली शाळकरी मुले ती दहा मिनिटांत काढून देतील.

ज्यांची घरे बांधून झाली आहेत त्यांनी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ खर्च करावी. भिंतीच्या भोकांत लोखंडी सळई घालून ती मोकळी आहेत का पाहावे, मागचा चर उपसावा, गच्चीचा पाइप कोठे सुटतो ते पावलांनी चालत जाऊन पाहावे, आणि चालताना खालच्या घराचे दार वाजवून तुमच्याकडे आमचे पाणी येते का, असे विचारावे.